पाणी पिऊ नये

राऊत मास्तरांच्या शाळेतला माझा पहिला दिवस मी तहानेने तळमळत काढला. कारंज्याहून अर्धी वाट मोटारीने, पुढे बैलगाडीने आणि शेवटचे दोन कोस पायी, असा भर चैत्रात मी त्या गावी सहायक शिक्षक म्हणून पोचलो. शाळा म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि पुढे ओसरी. ओसरीत ओलं फडकं गुंडाळलेला भला मोठा रांजण होता, त्यावर पितळी पेला होता, आणि त्याच्या बरोबर वर भिंतीत एक फळी ठोकलेली होती. फळीवर चुन्याने ठसठशीत लिहिलं होतं : पाणी पिऊ नये.

मी प्यालो नाही. कारंज्याच्या कापडदुकानदाराचा मुलगा मी, पाणी गाळून पिणाऱ्या घरातला. मला वाटलं, रांजणात काहीतरी पडलं असणार. पोरं मात्र एकामागून एक येत होती, फळीकडे बघून तिच्यावरचे तीन शब्द मोठ्याने म्हणत होती आणि खुशाल गटागटा पाणी पीत होती. काय अडाणी गाव आहे, असं मी मनात म्हणालो. शाळा सुटली तेव्हा माझे ओठ कोरडे ठणठणीत पडले होते आणि राऊत मास्तरांचं तिकडे लक्ष गेलं.

"शेटजी, दिवसभर पानी नाई पेले तुमी? कायले?"

"पाटी आहे ना."

मला वाटलं, आता हे गावभर सांगून हसतील. ते हसले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वाचून थांबले तुमी. बेस केलं." स्वतःच्या हाताने पेला भरून त्यांनी मला दिला. मी चार पेले प्यालो आणि माणूस वेडा आहे असं पक्कं ठरवून टाकलं.

वेडा म्हणायला कारणंही होती. राऊत मास्तर जातीने माळी. उंच, काळे, बारीक. कोटाला एकच गुंडी, आणि खिशात खडूच्या जोडीला मिरचीचं नाहीतर वांग्याचं बी. बाहेर कुठे निघाले की खांद्याला वाळक्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा. वाटेवरच्या विहिरीचं पाणी मी त्यांना कधी पिताना पाहिलं नाही. वर्गात ते घरच्यासारखंच बोलत, शुद्ध बोलायच्या भानगडीत पडत नसत. आणि त्यांच्या शाळेत पोरगं 'अ'पासून शिकत नसे. आधी त्या फळीवरचे तीन शब्द. ते वाचता आल्याशिवाय पुढचा धडा नाही, मग आठ दिवस लागोत की आठ महिने.

पण ते तीन शब्द शिकवायची त्यांची रीत पोरागणिक निराळी होती. किराणा दुकानदाराची चंपा होती, तिच्या कानात एकदा गेलेलं बाहेर पडत नसे. तिला ते आधी शब्द गाऊन दाखवत आणि मग गाण्यावर बोट ठेवून अक्षर. दुसऱ्या एकाला चित्र काढायचा नाद, त्याला 'प' कुठल्या भांड्यासारखा दिसतो ते विचारत. मी ट्रेनिंगमध्ये शिकून आलो होतो की वर्ग एका वेळी एक गोष्ट करतो. इथे एक पोरगी गात होती, एक भिंतीवर कोळशाने रेघोट्या मारत होतं आणि एक चक्क चालत होतं.

चालणारा तो श्रावण. त्याचा बाप मळ्यात मोट हाकायचा. बैल धावेवरून उतरले की मोट भरून वर येते, बैल मागे सरले की रिकामी खाली जाते, आणि श्रावण जन्मल्यापासून त्या बैलांबरोबर उतरत आणि मागे सरत आलेला. बसवलं की त्याला दोनाचा पाढा येत नसे. राऊत मास्तर त्याला ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत. सात पावलं पुढे, सात मागे. चालता चालता तो सतराचा पाढा एका दमात म्हणायचा.

"हे काय चाललंय?" मी न राहवून विचारलं.

"वाफ्याले पानी कुठून देते, शेटजी?" ते म्हणाले. "पाटातून. आन् पाटातलं पानी वाफ्यात घ्याले बांध जेथी फोडते, थे दारं. हरेक वाफ्याचं दारं येगळ्या बाजूले. तुमी चुकीच्या बाजूनं दिवसभर पानी वता, वाफा कोरडा तं कोरडाच. मंग म्हनसान, वाफाच खराब हाय."

हे दारं त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचं. "दारं सापडलं का पाहा." "अजून दारं नाई सापडलं." मला त्या शब्दाचा वीट आला होता. मी हाडाचा तापट माणूस, मला शिस्त कळत होती आणि छडी कळत होती. माझ्या वर्गात पुंजा नावाचा एक पोरगा होता. पाटीवर 'प' काढून दिला तर तो त्याच्याकडे असा बघायचा की पाटीवर काही नाहीच. दोन महिने मी त्याच्यापुढे घसा कोरडा केला, मग हात चालवला. तोही व्यर्थ गेला तेव्हा एका दुपारी मी शाळेचं दाखलखारीज रजिस्टर काढलं. कोणतं मूल कधी आलं, कधी गेलं, त्याची नोंद असलेलं ते जाड बाड. पुंजाच्या नावापुढे तांबड्या शाईने मी शेरा लिहिला : 'बुद्धी जड. वाचता येणे अशक्य. नाव कमी करावे.' शाई वाळायला रजिस्टर तसंच उघडं ठेवलं.

राऊत मास्तरांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. मला वाटलं, आता माझ्यावर हात टाकतात. त्यांनी पोरांना सुट्टी दिली, ओसरीवर माझ्यासमोर मांडी घातली आणि म्हणाले, "माहा एक भाऊ होता. गोमा."

गोमा त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. तालुक्याच्या गावाला लागून त्यांचा भाजीचा मळा होता, आणि दोघे भाऊ तिथल्या शाळेत जात. तिथले हेडमास्तर वामनराव तेव्हा ऐन उमेदीत होते. उजव्या हातात खडू आणि डाव्या हातात छडी. फळ्यावर लिहिता लिहिता, मागे वळूनही न बघता ते डाव्या हाताने छडी मारत आणि नेम चुकत नसे. गोमाचे हात असे की चिमूटभर बी बोटांत चोळून त्यातलं उगवणारं किती आणि पोचट किती हे डोळे मिटून सांगावं. पण पाटीवरचं अक्षर त्याला दिसे, ओळखू येत नसे. वामनरावांनी वर्षभर त्याला झोडपलं आणि मग दाखलखारीजमध्ये तांबड्या शाईने लिहिलं, 'बुद्धी जड. नाव कमी.' धाकटा शाळेत राहिला, थोरला मळ्यात गेला.

पाच वर्षांनी दोघे भाऊ शिरपूरच्या जत्रेला वांगी-मिरच्यांची गाडी घेऊन निघाले. वाटेत एक गाव पटकीने ओस पडलेलं. गावाबाहेरच्या विहिरीवर कोणीतरी पाटी लावली होती. धाकटा गाडीत झोपला होता. गोमाला तहान लागली, त्याने गाडी सोडली, विहिरीत तांब्या सोडला आणि पोटभर पाणी प्याला.

"मी उठलो तं थो माह्यासाठी तांब्या भरून घेऊन उभा," राऊत मास्तर म्हणाले. "मी तांब्या हाती घेतला. आन् वर पायलं तं पाटी. मी वाचून दाखवली त्याले. थो हासला. म्हने, अक्षराले कोन भेते रे! तिसऱ्या दिवशी जत्रेतून त्याले गाडीत टाकून आनला. मी तांब्या वतून देला होता, म्हून मी हाय."

फळीवरचे तीन शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले.

"मी मास्तर कायले झालो, सांगू?" ते पुढे म्हणाले. "पोट्ट्यायची माया हाय म्हून नाई. सूड घ्याले झालो. वामनरावानं ज्या हातानं माह्या भावाचं नाव कमी केलं, त्याच हातानं मी त्याच्याकून ही पाटी लिवून घेईन. त्याबिगर मी मरत नाई, आन् त्यालेई मरू देत नाई." हे त्यांनी जराही आवाज न चढवता सांगितलं. मी स्वतः सूडबुद्धीचा माणूस आहे. तेरा वर्षांपूर्वीचं दुकानातलं भांडणही मी विसरलेलो नाही. तरी त्या थंड आवाजाने माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुंजाला माझ्याकडून काढून घेतलं. पाटापासची चिकणमाती आणली, त्याचे डोळे फडक्याने बांधले आणि मातीचा 'प' करून त्याच्या हातात दिला. पुंजा तो चाचपत बसला. मग स्वतः केला, मोडला, पुन्हा केला. आठवडाभर तो डोळे बांधूनच शिकत होता. तीन महिन्यांनी त्याने ओसरीत उभं राहून फळीवरचे तीनही शब्द वाचले, आणि वाचता वाचता त्याची बोटं हवेत माती वळत होती. मला इतकी लाज वाटली की मी चाकू घेऊन रजिस्टरमधला शेरा खरवडायला बसलो. राऊत मास्तरांनी माझ्या हातातून चाकू घेतला.

"खोडू नका. राहू द्या. दरसाल पोट्टे दाखल कराच्या आंधी हे पान उघडाचं आन् वाचाचं. तुमच्यावरचा माहा सूड समजा."

तेव्हापासून मी त्यांच्या बाजूचा झालो, आणि त्यांचा वैरी तो माझा वैरी.

वैरी अजून तालुक्याला हेडमास्तरच होता. चौथीची परीक्षा त्याच्याच शाळेत व्हायची. श्रावणला घेऊन आम्ही तिथे गेलो तेव्हा मी वामनरावांना पहिल्यांदा पाहिलं. गोरेपान, पांढरी मिशी, आणि डाव्या हातात ती छडी. राऊत मास्तर त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाले, "गुर्जी, ह्या पोट्ट्याले पाढे उभं राहून, चालून म्हनू द्या. बसून त्याले येत नाई."

"परीक्षा बसून द्यायची असते," वामनराव म्हणाले. "ही शाळा आहे, तुमचा मळा नव्हे."

श्रावण तरटपट्टीवर बसला आणि गप्प झाला. एक उत्तर त्याच्या तोंडून फुटलं नाही. नापास. परतीच्या वाटेवर मी संतापाने बडबडत होतो, हेडमास्तरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. राऊत मास्तर मध्येच थांबले. "बसूनच चालवू त्याले," एवढंच बोलले.

वर्षभर त्यांनी श्रावणला मांडी घालून, पायाच्या अंगठ्यावर चालायला शिकवलं. धोतराखाली अंगठा पुढे, अंगठा मागे. सात पुढे, सात मागे. पुढल्या परीक्षेत श्रावण पुन्हा वामनरावांसमोर बसला. तोंडी हिशेब विचारला की तो क्षणभर थांबे आणि धाडकन उत्तर देई. वामनरावांनी त्याचे तळहात तपासले, टोपी काढून पाहिली, शेजारच्यांना लांब बसवलं. हाती काही लागलं नाही. श्रावण सगळ्यांत पहिला आला. राऊत मास्तर वामनरावांसमोर गेले आणि कमरेत वाकून म्हणाले, "बसून केलं बरं का, गुर्जी." मी आयुष्यात फार थोड्या वेळा इतका सुखावलो आहे. पण गावाबाहेर पडल्यावर ते म्हणाले, "हे तं व्याज झालं, शेटजी. मुद्दल बाकीच हाय."

त्याच वर्षी वामनराव निवृत्त झाले, आणि पावसाळा सरता सरता तालुक्याहून बातमी आली की त्यांना लकवा मारून गेला. वाचा गेली. उठणं-बसणं गेलं. मी काही साधुसंत नाही; मला मनापासून आनंद झाला आणि मी तो लपवला नाही. राऊत मास्तरांनी मात्र एकच विचारलं.

"कोनता हात गेला?"

"उजवा."

ते ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. "थो हात माहा होता," ते म्हणाले. "वीस वर्सं राखला होता मी." त्या दिवशी त्यांनी शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा झाडता झाडता एकदम म्हणाले, "डावा हाय ना अजून."

तालुक्याचा बाजार रविवारचा. त्या रविवारी आम्ही वामनरावांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला, काकूंना, कोण आलंय याचं काही सोयरसुतक नव्हतं. कोणी आलं हेच त्यांना पुष्कळ. "काय हवं असतं तेच कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "वाटी आपटतात, रडतात. भात आणला तर भिरकावतात, पांघरूण आणलं तर भिरकावतात."

"मी शिकवतो त्यायले, डाव्या हातानं लिवाले," राऊत मास्तर म्हणाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी जमिनीकडे बघत राहिलो.

पहिल्या रविवारी पाटी-पेन्सिल दिली. वामनरावांनी फेकून दिली. दुसऱ्या रविवारी माती दिली. हाताला माती लागताच त्यांनी तोंड वाकडं केलं आणि भिंतीला हात पुसला. तिसऱ्या रविवारी राऊत मास्तरांनी त्यांचा हात धरून हवेत अक्षरं गिरवली, तर हात मेलेल्यासारखा लोंबत राहिला. परतताना ते आपल्याशीच पुटपुटत चालले होते, "दारं कोठी हाय याचं? कोठी असन?"

मी भडकलो. "तुमचा वैरी आहे की विद्यार्थी?"

"शिकवाले बसलो म्हंजे पोट्टाच," ते म्हणाले. "वैर नंतर."

चौथ्या रविवारी त्यांनी काही शिकवलं नाही, नुसते बघत बसले. तासाभराने त्यांच्या ध्यानात आलं की वामनरावांचा डावा हात राहून राहून कोपऱ्याकडे सरकतो. कोपऱ्यात छडी उभी होती. राऊत मास्तर उठले, त्यांनी ती छडी आणून त्या हातात दिली. जन्मभर ज्या हाताने दुसरं काही धरलं नव्हतं, त्या हाताची बोटं पटापट मिटली. मनगट वळलं. छडीचं टोक थेट राऊत मास्तरांच्या छातीवर आलं.

"सापडलं," राऊत मास्तर म्हणाले.

काकूंकडून परात मागवून त्यांनी तिच्यात चुलीतली चाळलेली राख पसरली. जुन्या काळी पोरं धूळपाटीवर शिकत, तशी ती परात वामनरावांच्या डाव्या हाताशी ठेवली आणि छडीचं टोक राखेत टेकवलं. ज्या छडीने गोमाची पाठ फोडली होती, तिनेच त्यांनी वामनरावांकडून 'प' गिरवून घेतला. चौदा-पंधरा रविवार गेले. पहिला शब्द पूर्ण झाला तेव्हा काकू ओरडल्याच, "पाणी! अहो, पाणी म्हणतायत!" आणि धावत जाऊन त्यांनी तांब्या आणून नवऱ्याच्या तोंडाला लावला. वामनराव घटाघटा प्याले. किती महिने ते पाण्यासाठीच वाटी आपटत होते, ते त्या दिवशी घरातल्यांना कळलं.

राऊत मास्तरांचा चेहरा कडूजहर झाला. सूड घ्यायला शिकवलेल्या पहिल्याच शब्दाने वैऱ्याची तहान भागवली होती. काकू त्यांच्या पाया पडू लागल्या तेव्हा ते मागे सरले. "अजून दोन शब्द हायेत, मायबाई," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते दोन शब्दही आले. वामनरावांनी राखेत सगळं वाक्य लिहिलं आणि मान वर केली. तेव्हा राऊत मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं. मळा, छडी, तांबडा शेरा, गाडी, विहीर, भरलेला तांब्या. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. वामनराव ऐकत होते. डोळे टक्क उघडे. सांगून झालं, तशी त्यांनी परात हलवून राख सारखी केली आणि छडीने लिहिलं : कोण?

मी ताडकन उठलो. ती छडी हिसकून त्याच्याच टाळक्यात घालावी असं मला वाटलं, आणि आजही त्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या पोराचा जीव गेला, त्याचं नावही या माणसाला आठवत नव्हतं! इतकी वर्षं राऊत मास्तर एकट्यानेच ते वैर वाहत होते, पलीकडच्या माणसाच्या गावीही नव्हतं. राऊत मास्तरांनी मला हाताने खाली बसवलं. त्यांनी तळव्याने राख पुसली आणि आपल्या बोटाने लिहिलं : गोमा.

"हे लिवा," ते म्हणाले. "याद होईपोतर लिवा."

त्यानंतर दर रविवारी वामनराव तेच लिहीत. गोमा. राऊत मास्तर पुसत. पुन्हा गोमा. दुसरं काही शिकवायला त्यांनी नकार दिला. काकूंनी एकदा रडत रडत विचारलं, "मास्तर, आता पुरे नाही का?" ते म्हणाले, "त्यायनं वर्सभर मारलं होतं. माह्या हातात तं छडीबी नाई."

त्या हिवाळ्यातला एक रविवार. आम्ही पोचलो तेव्हा परात आधीच मांडून ठेवलेली होती. काकू म्हणाल्या, सकाळपासून हेच करतायत, कोणाला परातीला हात लावू देत नाहीत. राखेत वेडीवाकडी, पण लागणारी अक्षरं होती : 'गोमा राऊत. नाव दाखल.'

राऊत मास्तर उभ्यानेच वाचत राहिले. वामनराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते. उत्तर बरोबर आलं की नाही हे विचारणारे डोळे मी हजारदा वर्गात पाहिले आहेत. ते तसेच होते. काकूंनी हात जोडले होते. मलादेखील वाटलं, आता संपवा.

"बरोबर हाय," राऊत मास्तर म्हणाले. मग ते खाली बसले, आणि तळवा फिरवून त्यांनी सगळी राख सारखी करून टाकली. "पन उशीर झाला, गुर्जी."

वामनरावांच्या हातातून त्यांनी छडी अलगद काढून घेतली, कोपऱ्यात जिथे होती तिथे नेऊन उभी केली, आणि चपला घातल्या. पुन्हा त्या घरी आम्ही गेलो नाही. पंधरा दिवसांत वामनराव गेल्याचं कळलं. राऊत मास्तर तेव्हा पोरांच्या पाट्या तपासत होते, ते तपासतच राहिले.

पण त्या रविवारी परतताना मी वाटेतल्या विहिरीवर पाणी प्यायला थांबलो होतो. मला वाटलं, आज तरी हे थांबतील. ते पुढे चालत राहिले आणि चालता चालता त्यांनी तुंब्यातलं पाणी तोंडात घेतलं. मी धावत गाठून विचारलं, "समाधान झालं?"

"नाई," ते म्हणाले. बरंच अंतर गेल्यावर एकटेच हसले. "पोट्टा हुशार निंगाला पन. दारं तेवढं उलट्या बाजूले होतं."

राऊत मास्तर त्यानंतर सात-आठ वर्षांनी तापाने गेले. शेवटच्या दिवशीही ते शाळेत आले होते. शाळा माझ्याकडे आली, आणि शाळेबरोबर रांजण, फळी आणि ते दाखलखारीज रजिस्टर. फळीवर दरवर्षी मीच चुना फिरवतो. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. वामनरावांबद्दल मी बोलतो. त्यांनी शेवटी चुकीची दुरुस्ती केली हे खरं, पण दुरुस्तीने गोमा उठून आला नाही, आणि राऊत मास्तरांनी ती राख पुसली ते योग्यच केलं, असं मी आजही म्हणतो. फक्त हे म्हणताना माझा आवाज पूर्वीइतका चढत नाही. त्याचं कारण ते रजिस्टर आहे.

यंदा नवी मुलं दाखल करायच्या दिवशी नेहमीप्रमाणे मी सकाळी लवकर जाऊन ते पान उघडलं. दरसाल वाचायचं असा हुकूमच होता. वाचत होतो एवढ्यात दारात सावली पडली. पुंजा. आता चांगला बाप्या झालेला, आणि बोटाला धरलेली सहा वर्षांची पोरगी. तिला दाखल करायला आणली होती. तिला ओसरीत सोडून तो सरळ टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि नमस्कार करून खाली बघू लागला. मी घाईने पानावर पंजा ठेवला. तांबडी शाई बोटांच्या फटींतून दिसतच होती. बाहेर ओसरीत पोरगी फळीखाली उभी राहून रांजणातलं पाणी मागत होती.

पुंजाने माझं मनगट धरून हात हळूच बाजूला केला.

"राहू द्या, गुर्जी," तो म्हणाला. "मले वाचता येते."